कार्यशाळेला कुलूप लावण्यापूर्वी

(एका शिक्षणसंस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयपत्रिकेवर ‘माध्यमिक विभागातील ऐच्छिक विषयांची पुनर्रचना’ असे भारदस्त शब्द छापले आहेत. त्यांचा साधा अर्थ आपल्या सर्वांना ठाऊक आहे. शाळेच्या मागील बाजूची तांत्रिक विभागाची कार्यशाळा आणि तिला लागून असलेली चित्रकलेची खोली, या दोन्ही जागा रिकाम्या करून तेथे आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशपरीक्षांचे पायाभूत वर्ग सुरू करावेत, अशी काही पालकांची मागणी आहे. संस्थेने अद्याप निर्णय घेतलेला नाही. निर्णय घेण्यापूर्वी दुसरी बाजू ऐकून घ्यावी, असे अध्यक्षांना वाटले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

या मागणीमागील चिंतेची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. एकेका प्रवेशपरीक्षेला लाखो मुले बसतात, हाती येणाऱ्या जागा मोजक्या असतात आणि पोटाला चिमटा घेऊन शिकवणीचे शुल्क भरणाऱ्या बापाला ‘मुलाच्या हातात रंधा द्या’ असे सांगणारा माणूस हितशत्रूच वाटणार. त्यातही ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या हाताचेच काम झाले, त्यांना तर शाळा ही त्या कामातून सुटण्याची एकमेव वाट वाटते. हा शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड आहे. त्याला बगल देऊन मी पुढे जाणार नाही. परंतु आधी त्या खोलीत नेमके काय शिकवले जाते, ते पाहू. कारण ती बंद करावी असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती आतून पाहिलेली नाही, आणि हा त्यांचा दोष नसून आमचा आहे. आम्ही कधी बोलावलेच नाही.

आठवीच्या मुलाला पहिल्या सत्रात लोखंडी पट्टीचा एक तुकडा देतात आणि सांगतात, ‘कानशीने घासून याच्या कडा सरळ कर आणि चारही कोपरे काटकोनात आण.’ ऐकायला काम सोपे आहे. मूल दहा मिनिटे घासते आणि विजयी मुद्रेने तुकडा घेऊन येते. शिक्षक काही बोलत नाहीत. कडेला गुण्या लावतात आणि तुकडा खिडकीतल्या उजेडाकडे धरतात. गुण्याच्या पात्याखालून प्रकाशाची एक बारीक रेघ दिसते. जेथे रेघ, तेथे धातू जास्त घासला गेला आहे. ती घालवायला जावे तर दुसरे टोक उतरते. नवशिक्याच्या हातात कानस डुलते, त्यामुळे कडेच्या मध्यभागी उंचवटा राहतो आणि दोन्ही टोके झुकतात. हे प्रत्येकाचे होते. मग उभे कसे राहावे, डावा पाय किती पुढे असावा, भार केव्हा उजव्या हातावर आणि केव्हा डाव्या हातावर न्यावा, परतताना कानस का दाबू नये, हे एकेक करून कळू लागते. चार-सहा तासिकांनंतर एके दिवशी ती रेघ नाहीशी होते. त्या उजेडापुढे वशिला चालत नाही, पाठांतर चालत नाही, आणि वडील कोण आहेत हेही चालत नाही. उत्तरपत्रिकेत जवळपास बरोबर असलेल्या उत्तराला निम्मे गुण मिळतात. सुतारकामात कुसू खाचेत बसत नाही तेव्हा ते निम्मे बसत नाही.

सुताराचे काम पाहा. सागाच्या फळीला रंधा मारताना तो धाग्याच्या दिशेने मारावा लागतो, उलट मारला की लाकूड उचकटते. लाकूड हे मेलेले द्रव्य नाही, पावसाळ्यात ते फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, ही गोष्ट विज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत येते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. ज्याने स्वतः केलेला खण ऐन श्रावणात अडकून बसलेला पाहिला, तो ती जन्मभर विसरत नाही. वायरिंग शिकलेल्या मुलाला आपण घरातील कोणत्या खटक्याने कोणती तार तुटते हे विचारावे. खटका नेहमी ‘फेज’वर का असावा, ‘न्यूट्रल’वर का नसावा, याचे उत्तर तो देतो. भौतिकशास्त्रात नव्वद गुण मिळवलेले आपले काही विद्यार्थी या प्रश्नापाशी अडतात, हे शिक्षकांनी मान्य करायला हवे.

गवंडी घराच्या पायाचा कोपरा आखतो तेव्हा दोरीने एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजतो आणि कर्ण पाच फूट येईपर्यंत दोरी सरकवतो. त्याने भूमितीचा सिद्धांत वाचलेला नसतो. आमच्याकडे मात्र हा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रांत आला, आणि तो आला तो यज्ञवेदी रचणाऱ्यांच्या कामातून. शुल्ब म्हणजे दोरी. श्येनाच्या आकाराची चिती विटांनी रचायची, तिचे क्षेत्रफळ ठरलेले, विटांचे आकार ठरलेले. हे गणित पाटीवर जन्मले नाही, दोरी आणि वीट हाताळताना जन्मले. आपण बौधायनाचा अभिमान व्याख्यानांत बाळगतो आणि मुलांच्या हातातून दोरी व वीट काढून घेतो, यातली विसंगती मला सतत खटकते.

चौसष्ट कलांचा उल्लेखही आपण उत्साहाने करतो. त्या यादीत गायन, वादन, नृत्य, आलेख्य आहे, तसेच तक्षण म्हणजे सुतारकाम आहे, वास्तुविद्या आहे, धातुवाद आहे, शिवणकाम आहे. ललितकला एका दालनात आणि कारागिरी दुसऱ्या दालनात, अशी विभागणी तेथे नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्राच्या आरंभी एक संवाद येतो. वज्र राजाला मूर्ती घडवण्याची विद्या हवी आहे. मार्कंडेय ऋषी सांगतात की त्यासाठी आधी चित्रकला यायला हवी. चित्रकलेसाठी नृत्य कळायला हवे, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन. राजाला एक विषय हवा होता, त्याला पूर्ण अभ्यासक्रम सांगितला गेला. आजच्या भाषेत ज्याला आंतरविद्याशाखीय शिक्षण म्हणतात आणि ज्यावर चर्चासत्रे भरतात, ते हेच.

परंतु या गौरवाबरोबर दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर आपण स्वतःचीच फसवणूक करू. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड लिहिले. पहिला १९०२ साली आला, दुसरा १९०९ साली. प्राचीन भारतीयांचे धातुज्ञान जगापुढे मांडणारा हा थोर देशभक्त त्याच ग्रंथात विचारतो की हे ज्ञान पुढे खुंटले का, आणि उत्तर देतो की हाताचे काम हलके ठरले, ते विशिष्ट जातींकडे ढकलले गेले आणि बुद्धिजीवी वर्गाने त्यातून अंग काढून घेतले. ज्याच्या हातात भाता होता त्याला ग्रंथ मिळाला नाही, ज्याच्याकडे ग्रंथ होता त्याने भाता हातात धरला नाही. मेकॉलेचे टिपण १८३५ चे आहे. ही फाळणी त्याच्या कितीतरी आधीची. मेकॉलेने तिच्यावर सरकारी शिक्का मारला आणि कारकुनीला प्रतिष्ठा दिली, हे खरे. पण सगळे खापर त्याच्या माथी फोडून आपण मोकळे होऊ शकत नाही.

महाराष्ट्रात ही दरी ओलांडणारी माणसे झाली, आणि त्यांच्या चरित्रांत चित्रकलेचा वर्ग व कार्यशाळा या दोन्ही खोल्या शेजारी शेजारी दिसतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नाही असे लक्षात आले, तेव्हा त्यांनी रंग सोडले आणि यांत्रिक आरेखन धरले. पुढे ते व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत तोच विषय शिकवू लागले. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असे मानणारा शेतकरी तो नांगर घ्यायला तयार नव्हता. तरी ते मागे हटले नाहीत. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली ती औंध संस्थानच्या माळावर. त्या संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः कुंचला धरणारे चित्रकार होते. चित्रकार होऊ न शकलेल्या यंत्रकाराला चित्रकार राजाने आधार दिला, असा हा योग आहे.

दादासाहेब फाळके हे दुसरे उदाहरण. त्र्यंबकेश्वरचा हा मुलगा आधी जे. जे. कलाशाळेत गेला आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली सयाजीरावांच्या आश्रयाने ही संस्था स्थापन केली होती आणि तांत्रिक शिक्षण मातृभाषेतून द्यावे असा त्यांचा आग्रह होता. तेथे फाळक्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रण आणि मूर्तिकाम आत्मसात केले, पुढे छपाईच्या धंद्यात हात मुरवला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा या प्रत्येक कसबाचा उपयोग झाला होता. सरस्वतीबाई फाळके कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात भोके पाडण्याचे काम करीत. भारतीय चित्रपटसृष्टी हातांनी घडली, आणि त्या हातांत एका गृहिणीचेही हात होते. मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम अशी वाटणी करणाऱ्या आमच्या वेळापत्रकाने याची नोंद घ्यावी.

१९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये राष्ट्रीय शिक्षण हे चतुःसूत्रीचे एक सूत्र ठरले, आणि प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचे तळेगावचे समर्थ विद्यालय तो विचार प्रत्यक्षात आणू लागले. सरकारने १९१० साली ते बंद पाडले. त्याच तळेगावात अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, म्हणजे घरोघर जमवलेल्या एकेका पैशातून, १९०८ साली काचकारखाना निघाला. देशाला काच करता आली पाहिजे आणि ती करायला माणसे शिकवली पाहिजेत, या दोन गोष्टी त्या पिढीला वेगळ्या वाटत नव्हत्या.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास मात्र नावे बदलण्याचा आहे. १९३७ साली वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली होती. त्या योजनेची मूळ कल्पना, म्हणजे हस्तोद्योगाच्या माध्यमातून गणित, विज्ञान, भूगोल शिकवणे, अत्यंत कसदार होती. परंतु बहुतेक ठिकाणी ती टकळीपाशी थांबली, आणि ती खेड्यातल्या गरिबांच्या मुलांसाठी आहे असे शहरी वर्गाने मनोमन ठरवून टाकले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ म्हटले. १९८६ च्या धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळवण्याचे ठरवले. १९९२ साली त्याच आकड्यांना पाच-पाच वर्षांची मुदतवाढ देण्यात आली. आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे परिशिष्ट काढून पाहा. उच्च प्राथमिक शाळेत शंभरांहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी ‘अंशकालीन’ निदेशक असावेत, असे तेथे लिहिले आहे. कायद्यानेच या विषयांना अर्धवेळ ठरवले, मग शाळेने त्यांना पूर्ण वेळ प्रतिष्ठा कोठून द्यावी?

आणि कार्यानुभवाचे वर्गात काय झाले, हे येथे बसलेल्या माता-भगिनींना विचारावे. कागदी फुले रात्री अकरा वाजता आईने करायची, लोकरीचे तोरण शेजारच्या काकूंकडून आणायचे, वही सजवायची, आणि शेवटी सर्वांना ‘अ’ श्रेणी. मूल यातून एकच कौशल्य शिकते, दुसऱ्याचे काम स्वतःच्या नावावर खपवण्याचे. असा कार्यानुभव बंद झाला तर मी दुःख करणार नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या बाबतीत काही स्पष्ट भूमिका घेतली आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे शिकायला पाठवावे, अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय ही भिंत पाडावी, व्यवसायशिक्षण मुख्य प्रवाहात आणावे, असे त्यात म्हटले आहे. त्याच धोरणात उद्धृत केलेले आकडे बोलके आहेत. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामकऱ्यांपैकी औपचारिक व्यवसायशिक्षण मिळालेले ५ टक्क्यांहूनही कमी, अमेरिकेत ते प्रमाण ५२ टक्के, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. फिनलंडमध्ये तर १८६६ पासून लोकशाळांत हस्तकाम आहे आणि आजही तेथील शाळेत ते सर्वच मुलांना शिकावे लागते. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सजीवांशी संबंधित काम, यंत्रे व साहित्य यांवरील काम आणि मानवी सेवेचे काम असे तीन गट केले. सहावीसाठी ‘कौशल बोध’ आणि ‘कृती’ ही पुस्तकेही निघाली. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु सुतारकाम पुस्तकातून शिकवता येत नाही, आणि आपण नेमके ज्या वर्षांत देशाचे धोरण कार्यशाळेकडे वळले त्याच वर्षांत आपली कार्यशाळा मोडीत काढायला निघालो आहोत. भंगारवाला लेथ किलोच्या भावाने नेईल. पुन्हा घ्यायला जाऊ तेव्हा कोणता देणगीदार मिळेल, याचा विचार कोषाध्यक्षांनी करावा.

हे सारे साध्या शाळेत जमते का, या प्रश्नाचे उत्तर पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे मिळते. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे पीएच. डी., मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर. मुदतीपूर्वी निवृत्ती घेऊन ते १९८३ साली सपत्नीक पाबळला आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. दुष्काळी, सर्वसाधारण गाव त्यांनी मुद्दाम निवडले. त्यांनी आखलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय राज्य मंडळाने माध्यमिक शाळेसाठी मान्य केला. आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार भाग, आणि प्रत्येक मुलाने व मुलीने चारही करायचे. म्हणजे मुलगी वेल्डिंग करते आणि मुलगा स्वयंपाक. शिकवायला गावातलेच कारागीर.

कलबागांच्या योजनेतील मर्म मला असे वाटते की मुलांनी केलेली वस्तू प्रदर्शनात मांडून धूळ खात ठेवायची नाही, ती गावाला उपयोगी पडली पाहिजे. माती तपासून द्या, कुणाच्या गोठ्याचे फाटक करून द्या, शाळेची पाण्याची टाकी फेरोसिमेंटची बांधा. गिऱ्हाईक पैसे देणार असेल तर ते माप तपासते, आणि गिऱ्हाइकाने तपासलेल्या मापाइतके चांगले परीक्षण कोणताही परीक्षक करू शकत नाही. शिवाय मुलाला साहित्याचा खर्च, मजुरी, वाया गेलेला माल यांचा हिशेब मांडावा लागतो. अमेरिकेतील एमआयटीच्या पुढाकाराने जगभर ज्या ‘फॅब लॅब’ निघाल्या, त्यांतील अगदी आरंभीची एक २००२ साली याच पाबळमध्ये आली. संगणकावर आकृती काढून यंत्राने कापून घेणारी मुले आणि छिन्नी-हातोडा चालवणारी मुले तेथे एकच आहेत. संगणकयुगात हाताचे काम कालबाह्य झाले असे म्हणणाऱ्यांनी एकदा तेथे जाऊन यावे.

आता त्या अवघड मुद्द्याकडे येतो. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी एक योजना आणली. प्राथमिक शाळेतील मुलांनी अर्धा दिवस शाळेत शिकावे आणि उरलेल्या वेळात घरच्या व्यवसायात लक्ष घालावे. राजाजींच्या विद्वत्तेबद्दल आणि चारित्र्याबद्दल कोणी शंका घेणार नाही. पण त्या योजनेविरुद्ध आगडोंब उसळला. विरोधकांनी तिला कुलशिक्षण म्हटले. कुंभाराच्या मुलाने पुन्हा कुंभारच व्हायचे, धोब्याच्या मुलाने धोबी आणि वकिलाच्या मुलाने मात्र वकील, असा तिचा अर्थ लोकांनी लावला. १९५४ साली राजाजींना पद सोडावे लागले, कामराज आले आणि योजना मागे घेतली गेली. विरोध करणाऱ्यांचे राजकारण आपल्याला पटो वा न पटो, त्यांच्या मनातील जखम खरी होती.

म्हणून ज्या पालकाला कार्यशाळेचे नाव काढताच अंगावर काटा येतो, त्याला मी दोष देत नाही. त्याने बलुतेदारीचे कौतुक पुस्तकात वाचलेले नसते, आजोबांच्या पाठीवर पाहिलेले असते. त्याला माझे सांगणे इतकेच की धोका कार्यशाळेत नाही, ती कोणासाठी आहे यात आहे. ‘अ’ तुकडीच्या मुलांना प्रवेशपरीक्षा आणि ‘क’ तुकडीच्या मुलांना तांत्रिक विभाग, अशी व्यवस्था आपल्याच शाळेत नकळत रूढ झाली आहे, आणि ‘क’ तुकडीत कोणत्या वस्तीतील मुले असतात हे आपण सगळे जाणतो. १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी सामाजिक समतेचा विषय निःसंदिग्धपणे मांडला. त्या भाषणाच्या प्रती आपण वाटल्या. मग तुकड्यांची ही वाटणी आपल्या डोळ्यांना का खुपली नाही? ऐच्छिक विषय हा खरोखर ऐच्छिक असायचा असेल तर डॉक्टरांच्या मुलाने कानस आणि गवंड्याच्या मुलीने व्हायोलिन निवडण्याची सोय हवी, आणि त्या निवडीमुळे कोणाची तुकडी बदलता कामा नये.

याची दुसरी बाजू चिंचवडच्या पुनरुत्थान समरसता गुरुकुलात दिसते. गिरीश प्रभुणे यांनी आधी यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी काम उभे केले, नंतर चिंचवडला हे गुरुकुल. २०२१ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. पारधी आणि इतर भटक्या समाजांतील मुले तेथे शिकतात, त्यांच्या समाजाकडे असलेले पारंपरिक ज्ञान हे ज्ञान म्हणून मानले जाते आणि त्याच वेळी औपचारिक शिक्षणाचे दारही उघडे असते. तेथे कसब ही बेडी नाही. धाराशिव जिल्ह्यातील हराळी येथे १९९३ च्या भूकंपानंतर ज्ञान प्रबोधिनीने उभी केलेली निवासी शाळाही मी येथे मुद्दाम सांगतो. तेथील मुले शेतात काम करतात, आणि त्यामुळे त्यांच्या अभ्यासाचे नुकसान झाल्याचे कोणी म्हटलेले नाही.

चित्रकलेच्या खोलीबद्दल दोन शब्द. एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून त्या वर्गाला अजून मुले येतात. गुण मिळतात हे चांगलेच. पण गुणांसाठी येणारे मूल वस्तुचित्रात बादली, कांदा आणि दुमडलेले कापड यांपुढे जात नाही. कलाविषयाला एखाद्या जिवंत कामाशी जोडले तर काय होऊ शकते, हे पेणच्या गणेशमूर्तींकडे पाहून कळते. शाडूची माती भिजवून मळणे, साच्यात दाबणे, जोड लपवणे, सावलीत वाळवणे, तडा गेला तर भरणे, मग रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारा हात वेगळाच असतो. मूर्ती कितीही सुबक असली तरी बुबुळ केसभर हलले की चेहऱ्यावरील भाव जातो. यात शरीररचना आहे, द्रव्यांचे विज्ञान आहे, महिनोन्‌महिने आधी माल आणि भांडवल यांचे गणित आहे, आणि श्रद्धा आहे. प्लास्टरच्या मूर्तींमुळे होणाऱ्या प्रदूषणावर निबंध लिहिणाऱ्या आपल्या मुलांनी स्वतःच्या घरचा गणपती शाडूचा केला तर निबंधाची गरजही उरणार नाही. मिरजेच्या तंबोऱ्याचेही तसेच. पंढरपूर भागातील भोपळा येतो, तो वर्षानुवर्षे वाळतो, मग त्यावर काम सुरू होते. तेथील कारागीर घराणी मुस्लिम आहेत, आणि मंदिरात भजनाला बसलेल्या गायकाच्या मागे जो षड्ज घुमतो तो त्यांच्या हातचा असतो. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाचा कागद भिंतीवर लागला, पण जवारी काढायला शिकणारी मुले कोठून येणार? केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तीत १८ व्यवसाय आहेत, हत्यारांसाठी मदत आहे, कमी व्याजाचे कर्ज आहे. ती आजच्या कारागिराला आधार देते. उद्याचा कारागीर तयार करणे हे योजनेचे काम नाही, ते शाळेचे आहे.

प्रवेशपरीक्षांच्या वर्गांना माझा विरोध नाही. ते सकाळी सात ते नऊ या वेळेत वरच्या मजल्यावरील वर्गांत घ्यावेत. त्या खोल्या तेव्हा रिकाम्या असतात. कार्यशाळा मागण्याचे कारण जागा हे नसून ती अडगळ वाटते हे आहे.

माझा प्रस्ताव असा. आठवी आणि नववीच्या सर्व तुकड्यांना, एकही न वगळता, आठवड्यातून सलग तीन तासिका कार्यशाळेत किंवा कलादालनात द्याव्यात. सुट्या पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हत्यारे काढून परत ठेवण्यातच वेळ जातो. आठवीत प्रत्येकाने धातुकाम, सुतारकाम, वायरिंग, शिवण व स्वयंपाक आणि मातीकाम यांतून फिरावे, नववीत यांतील एक निवडावे. निवड मुलाची, पालकांची सही फक्त माहितीसाठी. गावातील एक सुतार, एक मूर्तिकार आणि एक शिंपी यांना ‘गुरुजी’ म्हणून मानधनावर बोलवावे, त्यांना शिक्षकांच्या खोलीत खुर्ची असावी आणि स्नेहसंमेलनात व्यासपीठावर जागा असावी. हे शेवटचे कलम किरकोळ वाटेल, पण मुले पुस्तकापेक्षा खुर्च्या अधिक लक्षपूर्वक वाचतात. पहिल्या वर्षी एकच काम हाती घ्यावे. शाळेची चाळीस बाके मोडकी आहेत, ती मुलांनी दुरुस्त करावीत आणि नव्या बाकांसाठी अंदाजपत्रकात ठेवलेली रक्कम साहित्यावर व मानधनावर खर्च करावी. सुरक्षेची काळजी रास्त आहे. डोळ्यांना चष्मा, पायात बूट, विजेच्या जोडणीला गळती-संरक्षक खटका आणि एका वेळी वीसपेक्षा अधिक मुले नाहीत, हा नियम लेखी असावा.

खर्चाचा तपशील मी अध्यक्षांकडे दिला आहे. लेथचा पट्टा आणि दोन व्हाइस बदलावे लागतील, कानशी नव्या घ्याव्या लागतील, रंधे मात्र चांगल्या स्थितीत आहेत, पाती परजली की चालतील. सभागृहाच्या दाराशी एक नोंदवही ठेवली आहे. उपस्थितांपैकी अनेक जण कारखान्यांत, वर्कशॉपमध्ये, शिवणाच्या व्यवसायात आहेत, काही भगिनी उत्तम भरतकाम करतात. महिन्यातील एक शनिवार देता येईल त्यांनी आपले नाव, कसब आणि सोयीची वेळ लिहावी. येत्या शनिवारी सकाळी नऊपासून कार्यशाळा पालकांसाठी उघडी राहील. आठवीची मुले स्वतः काम करून दाखवतील आणि ज्यांना कानस हातात धरून पाहायची आहे त्यांच्यासाठी लोखंडी पट्टीचे तुकडे कापून ठेवले आहेत. संस्थेच्या कार्यकारिणीची बैठक त्यानंतरच्या मंगळवारी आहे.